तिकडच्या टेप, इकडचं मशीन

३ जून

तुम्हाला काय म्हणून हाक मारावी, यातच दोन कागद फुकट गेले. ताई म्हणावं तर तुम्ही माझ्या कोण लागता? नुसतं नाव लिहावं तर वय आड येतं. तेव्हा मायना गाळते. पत्र कुणाला आहे ते पाकिटावर लिहिलंय, तेवढं पुरे.

तुम्ही तिकडे परदेशी गेल्यावर या घरात जी आली ती मी. सतरा वर्षांपूर्वी एकदाच चार ओळी लिहिल्या होत्या तुम्हाला, त्यामुळे अक्षर ओळखीचं नसेल. आपले हे बरे आहेत. (‘आमचे हे’ लिहिलं तर तुम्हाला बोचेल आणि ‘तुमचे हे’ लिहिलं तर माझा हात झडेल, म्हणून हा मधला मार्ग.) नकाशे काढायचं काम संपलं, निवृत्त झाले. आता दिवसभर पेन्सिलींना टोक काढत बसतात आणि त्या पेन्सिलीने काही काढत नाहीत. मी अजून त्याच लाँड्रीत आहे, काउंटरवर. लोकांचे डाग बघून कुठला निघेल आणि कुठला नाही ते सांगते.

मुद्द्यावर येते. छोटीला सातवा लागलाय. तुम्हाला कार्डावरून कळलं असेलच. मागच्या रविवारी नवऱ्याला घेऊन आली आणि त्याला माळ्यावरचं खोकं काढायला लावलं. त्यात बारा व्हिडिओ टेप. सहा इथल्या, घरी काढलेल्या. सहा तुम्ही तिच्या वाढदिवसांना तिकडून पाठवलेल्या. म्हणाली, “मावशी, या सगळ्या डिस्कवर घ्यायच्या. पोटातल्या बाळाला आवाज ऐकू येतात म्हणे. त्याला आईचा आवाज ऐकवायचाय.”

मी म्हटलं, “मी आहे की. मी बोलते.”

तर हसली. “तुझा तर रोजच ऐकतंय गं.”

पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. तिला शाळेत सोडायला, तिच्या तापात उशाशी बसायला, गणितात नापास झाली तेव्हा बाईंचे पाय धरायला मी, आणि आवाज कुणाचा हवा? जी फोनवर बोलतसुद्धा नाही तिचा! तीच म्हणते, आईला बोलायचं काय वावडं आहे कोण जाणे, दोनदा फोन केला तर दोन्ही वेळा ठेवून दिला, नुसती कार्डं पाठवते.

तर सांगायचं असं की टेपना बुरशी लागली आहे. पांढरी पूड दिसते कडेला. त्यांत काही उरलं असेलसं वाटत नाही. पोरीच्या आशेवर पाणी मी कशाला ओतू? तुम्हीच एक ओळ लिहा तिला, की जुनं झालं ते, राहू दे आता. माझं ती ऐकते, पण आधी वाद घालते. तुमचं लगेच ऐकेल.

लोभ असावा असं लिहून थांबायची रीत आहे. तुमच्याकडे तो कुठल्या तोंडाने मागू? तब्येत सांभाळा.


२१ जून

तुमचं उत्तर मिळालं. तीन ओळी. ‘तिने ते ऐकू नये असंच मलाही वाटतं. का, ते तुम्हीच मला लिहिलं होतंत. पण तिला नको म्हणून मी सांगणार नाही.’

त्या चार ओळी तुम्ही अजून धरून बसलात तर. मी काय खोटं लिहिलं होतं? जाऊ दे.

तुम्ही नाही म्हणून सांगणार नाही म्हटल्यावर मला मशीन बघणं आलं. छोटीला मशीनचं चालू-बंदपलीकडे कळत नाही, हे दुकानात गेले की सेल्समनशीच गप्पा मारत बसणारे, म्हणून मीच गेले. मोठं दुकान आहे, पंखे, फ्रिज, सगळं. तिथल्या लाल शर्टवाल्याने दोन प्रकार दाखवले. एक म्हणजे छोटीशी डबी, जुन्या प्लेअरला एका बाजूने आणि कॉम्प्युटरला दुसऱ्या बाजूने जोडायची. ती मी लगेच बाजूला केली. आमच्याकडे कॉम्प्युटर यांच्या ताब्यात आहे, आणि त्यात काही घातलं की ते परत सापडत नाही. दुसरं जोडमशीन. एकाच पेटीत डावीकडे टेपचं तोंड, उजवीकडे डिस्कचं. टेप सारा, डिस्क ठेवा, बटण दाबा. शेवटी डिस्क बंद करायला आणखी एक बटण असतं, ते विसरलात तर ती दुसरीकडे कुठेच चालत नाही. एवढं एकच लक्षात ठेवायचं.

मला ते आवडलं. लाल शर्टवाला म्हणाला, “डोळे मिटून घ्या बाई. टेप इथल्याच आहेत ना?”

मी म्हटलं, “आमच्याच घरातल्या आहेत.”

घरातल्याच आहेत. बावीस वर्षं आमच्याच माळ्यावर आहेत.

यांचं म्हणणं पडलं की गल्लीच्या टोकाला टीव्हीवाले काका आहेत, त्यांना विचार, त्यांच्याकडे जुनी चांगली मशीन असतात, ते करून देतील. मी म्हटलं, त्यांना आता धड दिसत नाही, पोरीच्या टेप चावून ठेवतील. काकांना चांगलं दिसतं. मला त्यांच्या दुकानात जायचं नव्हतं, बस्स. जोडमशीन घरी आलं आहे.


६ जुलै

आमच्या सहा टेप झाल्या. हे काम असं आहे की उरकता येत नाही. एक तासाची टेप एक तासच घेते, आणि मध्ये पट्टी अडकली तर म्हणून समोर बसावं लागतं. तेव्हा सगळं बघितलं मी. न बघून करते काय?

त्यांतल्या दोन तुमच्या वेळच्या. तुम्ही केस पुसताय, कॅमेरा थांबलाय. तुम्ही खुर्चीवर चढून बल्ब बदलताय, कॅमेरा खालीच उभा, हलायला तयार नाही. तुम्ही म्हणता, “बंद करा हो ते,” आणि कॅमेऱ्याच्या मागून यांचं हसू ऐकू येतं. हे हसतात! खळखळून! तेवीस वर्षं संसार केला मी, मला वाटायचं यांचा स्वभावच नाही.

माझ्या वेळच्या चार टेप. त्यांत मी सात वेळा आहे. मोजलं. पाच वेळा पाठ, एकदा नुसता हात, आणि एकदा मी पुढून येतेय आणि कॅमेरा छोटीच्या सायकलकडे वळतो. यांना विचारलं तर म्हणाले, “तू एका जागी थांबायचीस कुठे?” कशी थांबणार? तुम्ही सोडून गेलेलं सगळं करत होते ना मी! मला तुमचा हेवा वाटतो हे काही आज नवीन नाही, पण पुरावा पहिल्यांदा मिळाला.

मग काल रविवार. छोटी आली, उशी पाठीशी घेऊन बसली, म्हणाली, आता आईच्या लाव. मी लावली. आणि जे व्हायचं तेच झालं. पडद्यावर आडव्या पट्ट्या. मधूनच अर्धा चेहरा येतो आणि वर सरकून जातो, रंग नाही. आणि आवाज. जाड, लांबलेला, एखाद्या म्हाताऱ्या पुरुषाला झोपेत बरळताना ऐकावं तसा. एक शब्द कळत नाही.

मला वाटलं, ती म्हणेल मशीन बघ, तार बघ. ती तर पोटावर हात ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, “मावशी, हा आवाज मला आठवतो. मला वाटायचं लहानपणी पडलेलं वाईट स्वप्न आहे. ही आई होती?”

“टेप खराब झाली आहे,” मी म्हटलं.

“मी तुझ्या मांडीवर येऊन बसले होते ना तेव्हा? डोकं खुपसून?”

मी हो म्हटलं.

“राहू दे मग. बाळाला नको असलं काही ऐकवायला.” आणि उठून पाणी प्यायली.

झालं. तुम्हालाही हेच हवं होतं, मलाही हेच हवं होतं. प्रश्न मिटला. टेप पुन्हा खोक्यात घातल्या आहेत.


९ जुलै

मागचं पत्र मिळायच्या आत हे मिळालं तर बरं होईल. नाही मिळणार, पण लिहिते.

टेप खराब नाहीत. बुरशीबिरशी काही नाही. ती पांढरी पूड माळ्यावरच्या चुन्याची होती, फुंकर मारली की उडाली.

बावीस वर्षांपूर्वी तुमची पहिली टेप आली. सहावा वाढदिवस होता तिचा. मला या घरात येऊन वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात ती माझ्याशी धड बोललेली नव्हती. वेणी घालायला बसवलं की मान ताठ. डबा दिला की तसाच परत. रोज दारात बसून विचारायची, आई कधी येणार, आणि मी घरात असून नसल्यासारखी. टेप आली तेव्हा नवा फ्रॉक घालून टीव्हीसमोर बसली. यांनी बटण दाबलं आणि तो आवाज सुरू झाला. पोर किंचाळली. यांच्याकडे नाही गेली, माझ्याकडे आली. पळत आली आणि मांडीत शिरून माझ्या पोटाला मिठी मारली, एवढी घट्ट की श्वास घेता येईना. “ही आई नाही, ही आई नाही,” म्हणत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि मला आनंद झाला. लपवून काय करू, मला झालेला आनंद मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी यांनी मला टेप घेऊन काकांकडे पाठवलं. काकांनी बघितली आणि म्हणाले, “टेप ठणठणीत आहे बाई. तिकडची सिस्टिम वेगळी, आपली वेगळी. आपलं मशीन तिला हळू फिरवतं म्हणून आवाज बसतो. दोन्ही सिस्टिमचं मशीन मिळतं, आठ दिवसांत आणून देतो.” मी म्हटलं, बघू. घरी येऊन यांना सांगितलं, टेप खराब निघाली. पुढच्या पाच जशा आल्या तशा माळ्यावर गेल्या.

तुमचं पत्र यायचं, टेप मिळाली का, बघितली का. हे खुशालीच्या दोन ओळी लिहायचे, पण टेपचं उत्तर तूच लिही म्हणून पत्र माझ्या हातात द्यायचे, यांना ते लिहिवत नसे. मीही लिहिलं नाही. सहाव्या टेपेनंतर तुम्ही माझ्याच नावाने लिहिलंत, तेव्हा त्या चार ओळी लिहिल्या. ‘तुमचा आवाज ऐकून ती घाबरते. रडते. कृपा करून यापुढे पाठवू नका.’ शब्द न् शब्द खरा, आणि तरी त्याच्याइतकं खोटं मी जन्मात लिहिलेलं नाही.

तिचे फोन तुम्ही का ठेवून देता ते मला रविवारी कळलं. ती “ही आई होती?” म्हणाली तेव्हा. सतरा वर्षं तुम्ही तोंड मिटून बसलात, पोरीने घाबरू नये म्हणून.

ती तुमच्या आवाजाला घाबरली नव्हती हो. आमच्या मशीनला घाबरली होती.


२० जुलै

काकांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघितलं आणि टेप हातात घेतल्याबरोबर म्हणाले, “ही का? ही अजून राहिलीच आहे?” लोकांच्या लक्षात काय काय राहतं!

दोन्ही सिस्टिमचं मशीन त्यांच्याकडे फळीवरच होतं. भलं जड. टेपचं तोंड उघडून त्यांनी आतलं चाक कापसाच्या बोळ्याने पुसलं, मग पिवळी, लाल, पांढरी अशा तीन तारा डिस्कच्या मशीनला जोडल्या. एक चिमूटभर वेळ पट्ट्या आल्या आणि मग तुम्ही आलात. रंगीत. निळा स्वेटर, मागे खिडकी, केस कापलेले. आणि आवाज किती बारीक तुमचा! चिमणीसारखा भराभर. “ठमे, अगं ठमे, इकडे बघ,” म्हणालात. आम्ही तिला छोटी म्हणतो. ठमी हे मला माहीतच नव्हतं.

सहाही टेप मी काकांच्या स्टुलावर बसून बघितल्या, लाँड्रीतून चार दिवस रजा काढून. काका मुद्दाम पाठ करून बसायचे, रेडिओ उघडून. मी दोष शोधत होते, खरं सांगते. कुठे नवऱ्याला नावं ठेवलीत, कुठे मला टोमणा मारलात. मिळालं असतं तर बरं वाटलं असतं.

तिसरी टेप. आठवते तुम्हाला? “ठमे, बाबांनी लिहिलंय की तू तिला मावशी म्हणतेस. वेणी कोण घालतं तुझी? तीच ना? डबा कोण देतं? मग मावशी काय? आई म्हण तिला. मला राग नाही येणार. मी लांबची आई, ती जवळची आई. म्हणशील ना?” आणि मग तुम्ही उठून कॅमेऱ्याच्या बाहेर गेलात, आणि दोन मिनिटं नुसती खुर्ची आहे. परत आलात तेव्हा नाक लाल.

दुसऱ्याला अपशकुन करायला स्वतःचं नाक कापून घ्यावं, ते असं. बावीस वर्षं मी ‘मावशी’ ऐकलं. शाळेच्या फॉर्मवर मावशी, लग्नाच्या मांडवात मावशी, दवाखान्यात परिचारिकेने “तुम्ही कोण?” विचारलं तेव्हा मावशी. प्रत्येक वेळी मनात तुम्हाला शिव्या दिल्या. आणि तो शब्द तुम्ही केव्हाच मला देऊन टाकला होता, मीच माळ्यावर ठेवला.

आणि एवढं मोठं मनसुद्धा तुमच्याकडेच असावं ना! निदान ते तरी माझ्या वाट्याला यायला काय हरकत होती? काकांच्या दुकानात मी रडले ती पश्चात्तापाने रडले असं लिहायला आवडेल मला. निम्मी हेव्यानेच रडले.

काका म्हणाले, नको असलेला भाग गाळता येतो, मधलं बटण दाबायचं. ते बिचारे खुर्चीच्या दोन मिनिटांबद्दल म्हणत होते. मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार केला. फक्त तिसरी टेप न्यावी, बाकीच्या खराब झाल्या म्हणावं. तिने मला आई म्हणावं, आणि बाकी काही कळू नये. अगदी घरापर्यंत हा विचार करत आले. मग सहाही डिस्क तिच्यासाठी ठेवल्या. खुर्चीसकट.


७ ऑगस्ट

तिने पाहिल्या. दोन दुपारी लागल्या.

आधीच सांगून टाकलं मी सगळं. चांगुलपणा म्हणून नाही. काकांनी प्रत्येक पाकिटावर ठळक अक्षरात ‘बाहेरची सिस्टिम’ लिहून ठेवलं होतं, ती विचारणारच होती. सगळं ऐकून घेतलं. डिस्क लाव म्हणाली.

तिसरीच्या वेळी मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला. हे बाहेर रडत होते, नळाच्या वरताण आवाज. मी नळ बंद केला तेव्हा टीव्ही बंद झालेला होता. ती दारात उभी. “किती वर्षं माहीत होतं तुला?”

“बावीस.”

“आई फोन ठेवते ते याच्यामुळे?”

“हो.”

सहाही डिस्क पिशवीत घातल्या. चप्पल घालायला गेली, तर पोटामुळे वाकता येईना. मी पट्टा लावायला खाली बसले, तर पाय मागे घेतला. पट्टा तसाच लोंबकळत ठेवून जिना उतरली. मी वरून बघत राहिले, पडेल म्हणून जीव मुठीत.

त्यानंतर बारा दिवस फोन नाही. तिच्या नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, बरी आहे, जेवते, थोडा वेळ द्या. मावशी नाही, काही नाही. कसलीच हाक नाही.

काल लाँड्रीतून आले तर हे पेन्सिल तासत सांगतात, “छोटीचा फोन आला होता. आई आहे का विचारत होती.”

मी म्हटलं, “मग?”

“मग काय! मी म्हटलं, अगं आई इथे कुठे, ती तिकडे असते. नंबर तुझ्या डायरीत आहे ना. बरं म्हणाली आणि ठेवला.”

आता या माणसाला काय करावं! उभ्या जन्मात कुणी याला धड एक निरोप दिला तर शपथ! मी विचारलं, कशी म्हणाली? आवाज कसा होता? रडवेला होता? तर म्हणतात, “फोनसारखा होता.”

मी फोनपर्यंत गेले आणि परत आले. तिला विचारू काय? आई म्हणून कुणाला मागत होतीस? मी एवढी बेशरम नाही. असेन, पण तिच्यापुढे नाही.

इथे लावला होता, म्हणजे मलाच ना? तुम्ही इथे नाही हे तिला काय माहीत नाही? पण तिला वाटलं असेल यांना तुमचा नवा नंबर ठाऊक असेल. किंवा तुम्ही येणार आहात असं काही तिला लिहिलं असेल. किंवा नुसता तुमच्याबद्दल बापाशी बोलायला फोन केला असेल. मी रात्रीपासून हेच दळण दळते आहे.

तेव्हा तुम्हाला विचारते, दुसऱ्या कुणाला विचारू? तिचा फोन तुम्हाला आला का? आला असेल तर तुम्ही उचललात ना? नसेल उचलला तर यापुढे ठेवून देऊ नका. बोला तिच्याशी, पोट भरून बोला, बाळालाही ऐकवा. मी आड येणार नाही. हेवा वाटेल, तो काही जात नाही माझा. पण आड येणार नाही.

आणि तिने तुम्हाला फोन केलाच नसेल, तर मला कळवा. दोन शब्द पुरेत: ‘नाही आला’. मी तुम्हाला पाच वर्षं उत्तर दिलं नाही आणि दिलं ते तसलं. तुम्हीही गप्प बसलात तर मला एक अक्षर बोलायला जागा नाही, हे समजतं मला.

पण कळवा हो, ताई.